हाकदगड

“कुऽऽऽ... हौसेऽऽ... हाय का गंऽऽ?”

दरीच्या पलीकडून हाक आली आणि चुलीपुढे बसलेल्या आत्याचा भाकरी थापणारा हात थांबला. मी नुकतीच कराडहून घरी पोचले होते, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. हाक पुन्हा आली. तोच चढ, शेवटी तोच लांबवलेला ‘गं’. आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि ती उलटायची वेळ होईपर्यंत मान खाली घालून बसून राहिली.

“आत्या, ठकूमावशी बोलावतीय,” मी म्हणाले.

तिनं गळ्यावरच्या ताज्या व्रणाकडे बोट नेलं.

“मग मी देते की ओ.”

त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं पिशवी उतरवून कोपऱ्यात ठेवली. मग तिनं जवळ ये म्हणून खुणावलं. तिचं बोलणं ऐकायचं तर आता कान तिच्या तोंडाला लावावा लागत होता.

“माझी ओ माझी मी द्यायची,” ती कुजबुजली. “दुसरीनं दिली म्हंजी मी मेलेच की.”

पलीकडून तिसऱ्यांदा हाक आली नाही. दोनदाच द्यायची, हा त्या दोघींचा नेम होता.

आमचं गाव आसनखोल. नावातच खोल आहे, त्यामुळे जास्त वर्णन करत नाही. चारी बाजूंनी डोंगर, मधे ओढ्यासारखी सुरू होऊन पावसाळ्यात अंगावर येणारी नदी, आणि समोरच्या उतारावर कारवीवाडी. डोळ्यांना दिसायची हाताच्या अंतरावर, पण पायानं जायचं तर डोंगराला वळसा घालून दिवस जायचा. पाऊसकाळात तर तीही वाट बंद. म्हणून आमच्याकडे कुकारा. कोण आजारी, कुणाला मुलगा झाला, कुणाची म्हैस चुकून पलीकडे गेली, सगळं दरीवरून ओरडून सांगायचं. गावात ओरडणारे पुष्कळ होते, पण पलीकडे पोचणारी एकच. माझी हौसाआत्या. आणि तिकडून पोचणारी ठकूमावशी. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन आत्या माहेरी परतली तेव्हापासून रोज सांजेला एकीनं ‘हाय का गं’ विचारायचं आणि दुसरीनं ‘हाय गं’ म्हणायचं. त्या दोघी प्रत्यक्ष भेटल्या असतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

ज्येष्ठात आत्याच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ वाईट होती. ती निघाली म्हणून आत्या वाचली, पण जाताना गाठ आवाज घेऊन गेली. तसं होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि आत्यानं कबूलही केलं होतं. पण कबूल करणं वेगळं आणि सांजेला चुलीपुढे बसून ती हाक ऐकणं वेगळं. माझे वडील, आण्णा, एकदा कुकारा द्यायच्या दगडावर उभे राहून “हौसा बरी हायऽऽ” असं ओरडून आले होते. आण्णा वीजमंडळात वायरमन. खांबावर चढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्यांची हाक अंगणातल्या कुत्र्यालाही उठवत नसे. पलीकडे ती पोचली नाही, आणि ठकूमावशी रोज विचारत राहिली.

त्या रात्री जेवताना आण्णांनी देव्हाऱ्यामागून एक कार्ड काढून माझ्यापुढे टाकलं.

“आकाशवाणीचं आलंय. चैत्रात जत्रंत त्यांनी आक्काचं बोलणं टेप करून न्हेलं होतं बघ. नवरात्रात पाचव्या माळेला, सांजच्या कार्यक्रमात लावनार हायत.”

मी घास तोंडात तसाच ठेवून आत्याकडे बघितलं. चैत्र म्हणजे गाठीच्या आधी. म्हणजे आत्याचा आवाज जगात कुठं शिल्लक असेल तर त्या फितीवर होता, आणि तो एकदाच लागणार होता. आणि आसनखोलमध्ये रेडिओ लागत नसे! आमच्या घरी रेडिओ होता, चांगला चामडी पट्ट्याचा. पण तो बाजाराच्या गावी नेला तरच बोलायचा. घरी त्याच्यातून नुसती खरखर आणि खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत असल्याचा भास.

“बाजाराच्या गावाला जाऊन ऐकू या,” मी म्हणाले.

“तिला यष्टीत बसवायचं न्हाई म्हनलाय डाक्टर, दिवाळीपत्तूर,” आण्णा म्हणाले.

आत्यानं माझी बाही ओढली. मी कान पुढे केला.

“रंजे, माझा आवाज कसा हुता ते मला ठावंच न्हाई गं. पल्याडच्यांनी ऐकलाय. मी कुठं ऐकलाय?”

“ऐकवते,” मी म्हणून गेले. “हितंच ऐकवते. ह्याच घरात.”

त्या वेळी मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होते. इलेक्ट्रॉनिक्स. आसनखोलमधून दहावीच्या पुढे गेलेली पहिली. पहिली म्हणजे मुलींमधली नव्हे, एकंदरीत पहिली. त्यामुळे तोंड उचलून काहीही कबूल करायची मला खोड होती, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही.

कराडला जाऊन मी आमच्या प्रयोगशाळेच्या पेंढारकर सरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खणातून धातूच्या टोपीचा, हरभऱ्याएवढा एक ट्रान्झिस्टर काढला आणि म्हणाले, “लहरी तुझ्या गावात येत नाहीत असं नाही. येतात, पण डोंगर ओलांडून दमलेल्या. तोकड्या तारेत सापडतात त्या इतक्या अशक्त की साध्या ट्रान्झिस्टरला दिल्या तर तोच त्या खाऊन टाकतो. हा खात नाही. नुसता ऐकतो आणि तेच दमदारपणे पुढे सांगतो.” जुन्या अँटिनाची काढून टाकलेली केबलही त्यांनी दिली, चांगलं मोठं वेटोळं. “परत आण,” म्हणाले. “आणि लागलं की कळव.”

नवरात्राच्या सुट्टीला मी वेटोळं डोक्यावर घेऊन एसटीतून उतरले तेव्हा पारावर बसलेला पांडबा गिरणीवाला म्हणाला, “रंजाबाई, म्हशीला दावं लई लांब आनलं!”

घटस्थापनेच्या दिवशी मी ओटीवर बसून जोडणी केली. तो ट्रान्झिस्टर, चारदोन रोध, म्हणजे रेझिस्टर, तेवढीच धारित्रं, म्हणजे कपॅसिटर, सगळं एका साबणाच्या डबीत बसलं. आत्या शेजारी बसून बघत होती. सोल्डरचा डाख देताना उठणारा राळेचा वास तिला आवडला.

“हे काय करनार?” तिनं माझ्या कानात विचारलं.

“तार ऐकणार आणि हा रेडिओला सांगणार. सर म्हणाले, हा काही खात नाही. नुसता निरोप ऐकतो.”

“म्हंजी च्या बी न पिता निरोप घिऊन जानारा.” ती आवाज न करता हसली. “असा मानूस गावात न्हाई.”

कौलांवर तार ताणली, तिचं टोक डबीत घेतलं, डबी रेडिओशेजारी ठेवली. डबीतून निघालेल्या वायरचे दोन वेढे रेडिओभोवती दिले, बॅटरी जोडली आणि काटा फिरवला. आण्णा कामावरून मुद्दाम लवकर आले होते. पांडबाही आला होता, गिरणीत गडी बसवून.

रेडिओतून जी खरखर निघाली तशी मी जन्मात ऐकली नव्हती. आधी खरखर होती, आता भुईमुगाच्या शेंगा पत्र्यावर ओतल्यासारखं झालं. वर एका लयीत घरघर, घरघर.

पांडबानं कान टवकारला. “ऑ? आगं रंजाबाई, ही माझी गिरन हाय की! माझी गिरन रेडिवोवर लागली!” आणि तो मांडीवर थाप मारून असा हसला की आण्णांनाही हसू आवरेना. गड्याला बोलावून गिरणी बंद करवली, तर घरघर गेली. पण खरखर तशीच. गावातले दिवे, तारा, देवळातलं मिणमिणणारं काय काय, सगळं मी मोठं करून ऐकवत होते. फक्त आकाशवाणी तेवढी मोठी होत नव्हती. म्हणजे होत होती, पण तिच्याबरोबर कचराही तितकाच मोठा होत होता.

मी आवाज वाढवणारा आणखी एक टप्पा जोडला. शेंगांच्या जागी खडी ओतल्यासारखं झालं. रात्री मी अंथरुणात तोंड खुपसून रडले. पहिली मुलगी म्हणे, एकंदरीत पहिली!

सकाळी रागारागानं नुसता रेडिओ काखोटीला मारला आणि देवळामागचा चढ चढून हाकदगडावर गेले. हाकदगड म्हणजे देवळाच्या वर, कड्याच्या नाकावर बसलेला काळा कातळ. कुकारा द्यायची जागा ती. तिथं ना तार, ना दिवा, ना गिरणी. रेडिओ लावला. आवाज इतका बारीक की कान टेकला तरच यावा, पण स्वच्छ. कुणी बाई बाजारभाव सांगत होत्या. मागे खरखर जवळजवळ नाहीच. रेडिओ जरा लांब धरला की काही ऐकू येईना, पण जे होतं ते निर्मळ होतं.

आणि तिथं, त्याच दगडावर, मला लहानपणीचं आठवलं. मी सातआठ वर्षांची असेन. पलीकडून हाक आली की आत्या हातातलं टाकून हा चढ धावत चढायची. मी तिच्या मागे. एकदा मी विचारलं होतं, “आत्या, हाक गावातबी ऐकू येती की. मग वर कशाला पळायचं?”

तेव्हा तिचा आवाज होता, तो दगडावर घणघणला होता. “गावात येती, पर मळून येती. कोंबड्या, मुसळं, पोरांची रडनी, समदं तिला चिकटतं. मळल्याली हाक कितीबी मोठ्यानं सांग, कळायची न्हाई. हितं यायचं, मळायच्या आदी पकडायची आन् मग खाली गावाला मोठ्यानं सांगायची.”

मी रेडिओ दगडावर ठेवून चढावरून अशी धावत सुटले की वाटेत एक चप्पल गेली ती गेलीच. आत्या परसात होती.

“आत्या! डबी चुकीच्या जागी ठेवली मी! तू हाक कुठं पकडायचीस? दगडावर ना? आणि मी गावात बसून पकडत होते!”

तिला एवढं सांगणं पुरे झालं. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि बोटानं वर दाखवलं, जा म्हणून.

दुपारपर्यंत हाकदगडावर वेळूची काठी उभी राहिली. काठीच्या टोकाला तार, तारेच्या बुडाशीच साबणाची डबी, मेण लावून बंद केलेली, आणि डबीतून सरांची केबल कड्यावरून झाडाझाडांतून देवळाच्या ओवरीपर्यंत. जोडलेला जादा टप्पा मी काढून फेकला. आण्णा केबल बांधत होते, अगदी वीजमंडळाच्या शिस्तीत, दर झाडाला कातड्याचा तुकडा घालून.

“पर डबीला वर वीज कशी द्येनार?” त्यांनी विचारलं. “वर बॅटरी ठिवनार?”

“खालनंच. ह्याच केबलमधून वीज वर जाणार आणि ह्याच्यातूनच आवाज खाली येणार.”

“एकाच तारंत?”

“घाटाची वाट एकच असते की, आण्णा. चढणारे चढतात, उतरणारे उतरतात.”

“धडकत न्हाईत?”

“एकेक धारित्र आणि एकेक वेटोळं वाटेत बसवलंय. ते ज्याला त्याला आपापल्या बाजूनं काढतात.”

आण्णांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. एवढी वर्षं ते खांबावर चढत होते, पण त्यांच्या तारांतून वीज एकाच दिशेनं घरी येते असंच ते सगळ्यांना सांगत. “मंडळात सांगतो उद्या,” एवढंच ते म्हणाले. पण दिवसभर त्यांनी मला ‘रंजे’ म्हटलं नाही, ‘रंजना’ म्हटलं.

रेडिओ ओवरीत ठेवला, काटा फिरवला, आणि बाजारभाव सांगणाऱ्या बाई थेट देवळात अवतरल्या. पांडबा त्या दिवशी हसला नाही. त्यानं पागोटं काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, “तांबड्या मिरचीचा भाव काय म्हनली ती?”

पाचव्या माळेला सगळं गाव देवळापुढे जमलं. हौसाआत्यानं ज्याच्यासाठी कुकारा दिला नाही असं घर गावात नव्हतं, प्रत्येकाचं जन्ममरण तिनं दरीपार कळवलेलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून नवरात्र मंडळाचा भोंगा आणला, जीपच्या बॅटरीवर चालणारा, आणि त्याला रेडिओ जोडला. भोंगा मी सभामंडपाकडे, माणसांकडे तोंड करून बांधला होता. एवढं चालणं आत्याला अजून झेपत नव्हतं, म्हणून दोघांनी हाताची खुर्ची करून तिला आणलं आणि पायरीवर बसवलं. ती बसल्याबसल्या भोंग्याकडे बघत राहिली आणि मग तिनं मला बोलावलं.

“त्येचं तोंड तिकडं कर.”

“तिकडं कुठं?”

तिनं दरी दाखवली.

“अगं, माणसं हिकडं हायत!”

“मानसांला हिकडून बी ऐकू यील. तिकडं कर.”

लोकांनी कुरकुर केली. “म्हातारीचं काय तरी,” असं कुणीतरी म्हणालंही. आत्याला तेव्हा गावातला सगळा मान, त्यामुळे भोंगा फिरवला. मला वाटलं, आवाज डोंगरावर आपटून परत येतो तो तिला आवडत असेल. तिचं कामच ते होतं.

सूर्य कड्यामागे गेला होता, पण अजून माणसांचे चेहरे दिसत होते. देवळाला मंडळानं दिव्यांच्या माळा घातल्या होत्या, लाल-हिरव्या, लुकलुकणाऱ्या. बातम्या संपल्या. निवेदिका म्हणाली, डोंगरातल्या वस्त्यांमध्ये निरोप कसे पोचतात हे आज ऐकू या. आणि मग चर्र. मग दोन शब्द. मग पुन्हा चर्र. माळा लुकलुकल्या की चर्र, विझल्या की शब्द, पुन्हा चर्र. वरून निर्मळ आलेला आवाज ओवरीत रेडिओपाशी येऊन मळत होता.

“माळा!” मी ओरडले. “माळा बंद करा!”

कुणीतरी माळांची वायर ओढली. चर्र कमी झालं, पण गावातल्या घराघरांत नवरात्राच्या माळा होत्या, त्यांची कुरकुर चालूच. घरोघर जाऊन बंद करायला वेळ कुठला? मुलाखत घेणाऱ्या बाईंचा प्रश्न विचारून होत आला होता. आता आत्या बोलणार होती.

मी आण्णांकडे बघितलं. आण्णांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. वीज आली तेव्हा गावात पहिला दिवा त्यांनी लावला होता. ‘माझ्या गावात अंधार नाही’ हे ते पाहुण्यांना सांगायचे, पावसाळ्यात तार तुटली तर जेवण सोडून जायचे. परवानगीशिवाय लाइन काढणं त्यांना चोरीसारखं वाटे. त्यातून नवरात्र.

त्यांनी एकदा देवीकडे बघितलं, एकदा पायरीवरच्या बहिणीकडे.

“देवीला समई हाय,” ते म्हणाले आणि पाराकडच्या विजेच्या डीपीकडे पळत सुटले.

क्षणभरात आसनखोल विझलं. घरं, गिरणी, पार, सगळं. आणि त्या अंधारात, भोंग्यातून, दरीवर, माझ्या आत्याचा आवाज उभा राहिला.

“पोचतो म्हंजी? आपुआप न्हाई पोचत बाई. पोचवाय लागतो. तोंडानं वरडून भागत न्हाई, प्वाटातनं काढाय लागतो.”

 मी आत्याच्या शेजारी खाली बसले. ती पुतळ्यासारखी बसून ऐकत होती. समईच्या उजेडात तिचे ओठ हलताना मला दिसले. ती प्रत्येक शब्द बरोबरीनं म्हणत होती, बिनआवाजाचा.

“आणि पलीकडे कोण असतं?” बाईंनी विचारलं.

“ठकी. मैतरीन माझी.”

“कधी भेटता तुम्ही?”

“भेटाय कशाला पायजे? रोज बोलतो की.”

अंधारात हशा पिकला. आत्याही हसली.

“एक कुकारा ऐकवाल आम्हाला?”

“हितं? देवळात? आवो कळस हालंल!” मग घसा खाकरल्याचा आवाज. “बरं. रोजचाच द्येती.”

आणि तो आला. कसा सांगू? भोंग्याचा पत्रा थरारला. वरच्या काठीपासून खालच्या ओवरीपर्यंत माझ्या हातानं बांधलेल्या प्रत्येक सांध्यातून तो आला, आणि एकाही सांध्यानं त्याला धक्का लावला नाही.

“कुऽऽऽऽ... ठकेऽऽऽ... हाय का गंऽऽऽ?”

डोंगरानं तो परत दिला. मग आणखी एका डोंगरानं. निवेदिका आभार मानू लागली तेव्हा आत्यानं माझा हात दाबला. मी रेडिओचा आवाज बारीक केला. आत्या दरीकडे बघत होती. गाव घराकडे वळायला लागलं, पांडबानं ‘हौसाबाईचा विजय असो’ असं काहीतरी सुरू केलं, पण आत्यानं हात वर केला आणि सगळे थांबले. भोंग्याचं तोंड तिकडं का करायचं होतं, ते मला त्या शांततेत समजलं.

कारवीवाडीत एक कंदील हलला. आणि दरीपलीकडून, रडू आणि संताप एकत्र झाल्यासारखी, ठकूमावशी बोलली.

“हाय गंऽऽऽ! मी हाय गंऽऽ! तू हायस का गं हौसेऽऽऽ?”

कुकाऱ्याला ओ द्यायचीच असते. सगळं गाव आत्याकडे बघत होतं. रेडिओत आता तबला वाजत होता. आत्याचा आवाज येऊन गेला होता, तो पुन्हा येणार नव्हता. पलीकडून दुसऱ्यांदा हाक आली. दुसरी म्हणजे शेवटची.

आत्यानं माझी मान धरून खाली ओढली. तिचे ओठ माझ्या कानाला लागले.

“दे,” ती म्हणाली. “हाय म्हन.”

“मी? तू म्हणाली होतीस, दुसरीनं द्यायची न्हाई.”

“दुसरी कोन हाय हितं?”

मी उठले. सभामंडपाच्या कडेला, दरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. जन्मभर तिच्यामागे दगडावर धावले होते, पण एकदाही हाक दिली नव्हती. पोट आत घेतलं, जसं ती घ्यायची, आणि होतं नव्हतं ते सगळं दरीत सोडलं.

“कुऽऽऽ... हाय गंऽऽऽऽ!”

माझाच आवाज मला ओळखू येईना. तो डोंगराला लागला, परतला. आण्णा अंधारातून येता येता जागीच थांबले, डीपीतला फ्यूज हातात तसाच.

 पलीकडून संशयानं भरलेला प्रश्न आला.

“ही कोन बोलतीया गंऽऽ?”

मी मागे वळून बघितलं. आत्याला पायऱ्यांवरून कुणी उचललं नव्हतं. ती आपली आपण उठून, खांब धरत धरत माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली. तिचं पोट माझ्या पाठीला लागलं होतं, आणि तिनं श्वास भरला तसा माझाही भरला गेला. तिनं कानात चार शब्द सांगितले. मी ते मळू न देता, जसेच्या तसे, दरीपार पाठवले.

“हौसाच हाय गं ठकेऽऽऽ!”